प्रज्ञेशचं वाकडं तोंड

१ मार्च
निर्णय झाला. प्रज्ञेशचं पोर्ट्रेट करायचं आणि मॉडर्नच करायचं. कार्डिफमधले बाकीचे मराठी चित्रकार (म्हणजे प्रज्ञेश) अजून वॉटरकलरमध्ये मेंढ्या काढतात. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात हॉलमध्ये माझं चित्र आणि स्टेजवर माझंच भाषण : 'अंधश्रद्धा : भीतीचा धंदा'. एका दगडात दोन पक्षी.

८ मार्च
प्रज्ञेश दोन तास बसला. हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे, दिवसभर लोकांना 'हलू नका' सांगतो. स्वतः सारखा हलतो.
डावा गाल हिरवा केला. डावा डोळा खाली उतरवला. तोंडाचा डावा कोपरा हनुवटीपर्यंत ओढला. उजवा हात कोपरातच तोडला. धाडस लागतं.
स्नेहल म्हणाली, बिचाऱ्याने तुझं काय वाकडं केलंय? बायकोला कला कळत नाही. प्रज्ञेशने जवळ जाऊन पाहिलं, मग लांब जाऊन पाहिलं. भारावला असणार.

१५ मार्च, सकाळ
प्रज्ञेशच्या बायकोचा, दीक्षाचा फोन. रडत होती. प्रज्ञेश उठला तो तोंड वाकडं. डावीकडे. डावा डोळा मिटत नाही, चहा ओठातून गळतोय. स्ट्रोक समजून ए अँड ईमध्ये, म्हणजे इमर्जन्सीत, नेलंय.
मी हात धुतले. पुन्हा धुतले.

संध्याकाळ
स्ट्रोक नाही. बेल्स पाल्सी. चेहऱ्याची नस सुजते. गोळ्या दिल्यात, बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं. नक्की कारण सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे बोलायची काय गरज होती?
कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. हे मोठ्याने म्हणून पाहिलं. पण कावळा मीच.
चित्रावर चादर टाकली. धूळ बसते म्हणून.

१७ मार्च
वर्क फ्रॉम होम. मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून चादर काढली. तोंडाचा कोपरा जरा जास्तच खाली वाटला. निव्वळ कॉम्पोझिशनसाठी थोडा वर घेतला. मग प्रज्ञेशला सहज फोन केला. काही फरक? म्हणाला, नाही रे. आणखी थोडा वर घेतला.

२२ मार्च
भेटून आलो. डोळ्याला टेप लावून झोपतो. घरातल्या आरशांवर टॉवेल टाकलेत. मला त्याच्याकडे बघवेना. मी काढलेला चेहरा समोर बसून बिस्किट खात होता.
निघताना म्हणाला, उजवा खांदा जरा धरलाय. उजवा! गाडी घरापर्यंत कशी आणली, आठवत नाही. कोटसुद्धा न काढता कोपराखाली हात रंगवला. बोटं पाच आहेत ना, स्नेहलकडून मोजून घेतलं.

२ एप्रिल
भाषणाचा तिसरा खर्डा. मुख्य मुद्दा कार्यकारणभाव. लंचब्रेकमध्ये डोळा जागेवर नेला, गाल गव्हाळ केला. प्रज्ञेशला आता शीळ घालता येते म्हणे. अशा वेळी हात आखडता घेणं बेजबाबदारपणाचं ठरेल.

१० एप्रिल
दात काढले. सगळे. हसरे. स्नेहल म्हणाली, हे पासपोर्टला चालेल, तू घाबरलायस का? मी म्हटलं, आर्टिस्ट घाबरत नसतो, इव्हॉल्व्ह होतो.

१९ एप्रिल
जयंती. हॉल भरलेला. प्रज्ञेश आला. तोंड जवळजवळ सरळ, हसला की डावीकडे किंचित अडतं. चित्रासमोर उभा राहिला. विचारलं, माझं कुठाय?
म्हटलं, हेच तुझं.
म्हणाला, छे, ते वाकडं. ए अँड ईमध्ये आरशात पाहून जाम टरकलो होतो रे, तेव्हा तेच आठवलं. म्हटलं, मित्राने मला असंही पाहिलंय आणि तरी मन लावून रंगवलंय. म्हणजे असाही चालतो मी. त्याला आज त्या चित्राशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा होता.
मी म्हटलं, लायटिंगमुळे वेगळं वाटतंय.
तेवढ्यात भाषणासाठी माझं नाव पुकारलं. हातातल्या कागदावरचं शीर्षक वाचलं. घसा बसलाय, असं खुणेने सांगितलं. प्रज्ञेशने माझ्या हातातले कागद घेतले आणि स्टेजवर गेला. अधूनमधून ओठ दगा देत होता. तो थांबायचा, ओठ पुसायचा, तोच शब्द पुन्हा म्हणायचा. एकही ओळ गाळली नाही.
लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. शेवटी भाषण माझंच होतं.