गुडघ्यावर घेतलेली शपथ

डोल्गेथ्लाय, वेल्स, ४ ऑक्टोबर १९७६

ती. एमरिसदादास,
डिलिसचा शि. सा. न.

वीस वर्षं खासदारकीची खुर्ची उबवतो आहेस, आता बहिणीचं एक काम कर. माझ्या गेथिनचा पासपोर्ट सरकारने काढून घेतलाय. कारण काय, तर लोकहित. वकील म्हणतो, पासपोर्टला कायदाच नाही. तो राणीचा जुना अधिकार, तिच्या नावाने मंत्री वापरतात, आणि कोर्ट त्यात हात घालत नाही.

गेथिनची बायको बाळंतपणाला लिस्बनला माहेरी गेली ती तिथेच आहे. लेकीचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही. मी केलं तरी काय, एवढंच विचारतो. चॅपेलमधल्या बायका केक आणून देतात आणि त्याच्याकडे चोरून बघतात. खरं सांगू, दादा? कधीकधी मीही बघते.

तुझी डिलिस

लंडन, २ नोव्हेंबर

चि. डिलिस हिस अ. उ. आ.

सभागृहात विचारलं. कारणं सांगायचा प्रघात नाही, एवढं म्हणून मंत्रीमहाशय खाली बसले. हा अधिकार कायद्यात बांधा म्हणून समितीत मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करतोय. सगळे माना डोलावतात आणि जेवायला जातात. पालथ्या घड्यावर पाणी. थकलो गं.

मग मंत्र्यांनीच मला बाजूला घेतलं. म्हणाले, राणीच्या सल्लागार मंडळात या, शपथ घ्या, कागद दाखवतो. पण जे कळेल ते कुणालाही सांगायचं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. यालाच ते देखरेख म्हणतात. चूक असली तर आतून भांडता तरी येईल. जाऊ का?

एमरिस

डोल्गेथ्लाय, ६ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न.

जा. विचारतोस काय? राणीसमोर गुडघे टेकावे लागतील, तेव्हा आधी मलम चोळ, नाहीतर तिलाच हात द्यावा लागेल. सोबत केक पाठवते आहे.

डिलिस

लंडन, ६ डिसेंबर

चि. डिलिस हिस अ. उ. आ.

शपथ झाली. तिथे खुर्च्याच नसतात, सगळं उभ्याउभ्या उरकतात. गुडघा अजून ठणकतो आहे. इथे धुकं फार. केक पोचला, मनुका छान होत्या. थंडीत जपून राहा. नाताळला यावं म्हणतो.

एमरिस

डोल्गेथ्लाय, १० डिसेंबर

ती. दादास शि. सा. न.

पत्र मिळालं. काही माहीत नव्हतं तेव्हा पानभर लिहायचास. आता माहीत आहे तर धुकं आणि मनुका. राग नाही रे. मीच जा म्हटलं होतं.

गेथिनने विचारलं, मामाने चौकशी केली का? केली म्हटलं. मग काय म्हणाले? मी चहा ठेवायला उठले.

आधी वाटलं, नाताळला तुला त्याच्या समोरच बसवावं. जिभेला शपथ आहे, चेहऱ्याला कुठे आहे? लहानपणापासून तुझा चेहरा मला वाचता येतो. तू त्याला बटाटे वाढशील तेव्हाच मला सगळं कळेल.

पण दादा, नको, येऊ नकोस. मला कळलं तर ते त्याला कोणत्या तोंडाने सांगू? त्याच घरात, त्याच टेबलाशी रोज गप्प बसावं लागेल. तुझी शपथ मग मलाही लागेल, आणि माझ्याकडून ती कुणी घेतलेलीसुद्धा नसेल.

गुडघ्याला शेक दे. माया आहे तशीच आहे, तूही राहू दे.

तुझी डिलिस