माप इथे, माल तिथे

३ जून, दुकान बंद केल्यावर
आजपासून युद्ध. बड्या ऑनलाइन कंपनीने आपल्या चपला-बुटांच्या धंद्यावर घाला घातलाय आणि अख्खा बाजार जांभया देत बसलाय. आज आलेल्या गिऱ्हाइकांनी पायाचं माप दिलं, बूट घालून दुकानभर चालून पाहिलं, बुटाच्या तळावरच्या नंबरचा फोटो काढला आणि 'येतो काका' म्हणून गेली. आता घरी लोळत तेच बूट मोबाइलवरून मागवणार. माप इथे, माल तिथे! (वाक्य जमलंय. भाषणात वापरणे.)

धाकटा भाऊ दुकानात पार्टनर. तो म्हणतो, दादा, अर्ध्या दुकानात त्याच कंपनीचा पार्सल काउंटर घेऊ. लोक पार्सल न्यायला, परत करायला येतील, आपल्याला कमिशन. नाहीतर कुलूप लावू. मी कडाडलो, ज्या स्टुलावर वडिलांनी आपल्याला पाय ओळखायला शिकवलं, तिथे शत्रूची चौकी? माझ्या प्रेतावरून! धाकटा म्हणाला, बरं, महिनाअखेरपर्यंत वेळ घे. घेतला. साम्राज्यं याहून कमी वेळात कोसळली आहेत.

४ जून
संकल्प: प्रत्येक गिऱ्हाइकाचं प्रबोधन. शाळेतल्या बाई सँडल घ्यायला आल्या. मक्तेदारीवर बोललो. एक पाय अनवाणी ठेवून त्यांनी सगळं ऐकलं आणि भारावून काही न घेताच गेल्या. धाकटा म्हणतो, त्या पर्स उघडून बसल्या होत्या, तू थांबला असतास तर घेतल्या असत्या. मत्सर.

पाय ठणकतोय. बायको म्हणते, अहो, तुमचा पाय आता नऊ नंबरचा झालाय, आठच्या बुटात कशाला कोंबता? गावाची मापं घेणाऱ्याला आता घरातून माप शिकवणार! माझा पाय लग्नापासून आठ आहे. माणसाने तत्त्वं आणि नंबर बदलू नयेत.

९ जून
दुकानात पाटी लावली: फोटो काढू नये. एकाने पाटीचा फोटो काढला.

१४ जून
शत्रूचंच शस्त्र वापरायचं ठरवलं. कन्येने माझ्या भाषणाचा व्हिडिओ केला. हातात आपला तपकिरी बूट, मागे शेल्फ. ती म्हणाली, बाबा, थोडक्यात उरका. मी इतिहासापासून सुरुवात केली. तिने इतिहास कापला, अर्थशास्त्र कापलं. मी टेबलावर बूट आपटतो तेवढंच ठेवलं.

१६ जून
पेटला! हजारोंनी पाहिला. बायकोला प्रतिक्रिया मोठ्याने वाचून दाखवायला बसलो. पहिली: काका, हातातला बूट भारी, कुठे मिळेल? खाली कोणीतरी कंपनीची लिंक दिली होती. व्हिडिओच्या आधी त्याच बुटाची जाहिरात, सवलतीसह. पुढचं मनात वाचलं.

कन्या म्हणते, बाबा, त्यांच्याकडचा तपकिरी स्टॉक संपत आला. म्हणजे कंपनी हादरलीय.

२३ जून
दुकानात व्यापाऱ्यांची ऐतिहासिक सभा. स्टेशनरीवाला आणि घड्याळवाला आले. घड्याळवाला मध्येच उठला. त्याचं पार्सल यायचं होतं. स्टेशनरीवाला शेवटपर्यंत बसला. त्याला पंख्याखाली झोप लागली होती.

३० जून
काउंटर बसला. ही शरणागती नव्हे. किल्ला बाहेरून पडत नसेल, तर आत शिरावं लागतं. मी शिरलोय. कंपनीने टोपीही दिली आहे. घालणार नाही.

२ जुलै
उन्हासाठी घातली.

८ जुलै
तपकिरी बूट परत येऊ लागले! कोणाला घट्ट, कोणाला सैल. मी म्हणालो नव्हतो? मोबाइलला पाय कळत नाही! दुकान खचाखच. वडिलांच्या काळातही अशी गर्दी नव्हती. मी माप घेतो, नंबर सांगतो, लोक माझ्याच स्टुलावर बसून माझ्यासमोर दुसरा नंबर मागवतात. ज्ञानाविना भांडवल पांगळं, हे सिद्ध झालं. शाळेतल्या बाईही आल्या. म्हणाल्या, काका, पायाच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा, पण आज बोलू नका हं, रिक्षा थांबवलीय.

आमच्या शेल्फवरून मात्र काही हललं नाही. धाकटा म्हणतो, दादा, शेल्फ काढून पार्सलला जागा करू. विचाराधीन.

१५ जुलै
'सर्वोत्तम काउंटर' म्हणून कंपनीचं कूपन. वापरायचं कुठे, तर त्यांच्याकडेच! सकाळी झिडकारलं. दुपारी वाटलं, शत्रूचा माल स्वतः तपासल्याशिवाय टीका करणं अभ्यासकाला शोभत नाही. तपकिरी बूट मागवले. धाकटा म्हणाला, दादा, नऊ घे. मी फक्त हसलो. आठ.

१९ जुलै
पार्सल आलं. ओटीपी मी विचारला आणि मीच सांगितला. धाकटा पार्सलसाठी रिकाम्या केलेल्या शेल्फमागे जाऊन खोकत होता.

बूट पायात जाईना. काय दर्जा घसरलाय! तावातावाने परत करायला काउंटरवर गेलो. काउंटरवर मीच होतो. नियम सर्वांना सारखा, म्हणून स्वतःला स्टुलावर बसवलं आणि माप घेतलं.

नऊ.

वडिलांची मापाची पट्टी जुनी झालीय, दाखवते काहीही. नवी हवी. धाकटा म्हणतो, आत्ता मागवली तर उद्या येईल.

मागवली.