आजीची जाहिरात

१४ जून

प्रिय धाकट्या,

नव्या शाखेचं काम मार्गी लागलं असेल, तब्येतही बरी असेल. इथं तुझा इंग्रजीचा क्लास सुरळीत चालू आहे. बाकं आली, त्यातलं एक डुगडुगतं, खाली पुठ्ठा लावला आहे. सकाळच्या तुकडीत जागा उरली नाही. जो तो तुझा जाहिरातीचा व्हिडिओ पाहून येतो.

तो मीही पाहिला. आई टेबलाशी ताठ बसून सांगते, "मायसेल्फ आजी. आय कुक मायसेल्फ." सगळं माझं मी करते, कुणावर भार नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. खाली तू अक्षरं फिरवलीस, 'आजी स्वतःलाच शिजवतात! तुम्हीही असंच बोलता का?' वर हसण्याचे आवाज जोडलेस. मला शिसारी आली. ही चूक निम्मा वर्ग करतो. मी फळ्यावर 'मायसेल्फ'च्या आधी 'बाय' लिहिते आणि पुढं जाते.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तो व्हिडिओ कौतुकानं आईला दाखवला. आई त्यांच्यासमोर हसली. घरात आल्यावर म्हणाली, "असू दे गं, त्याचा धंदा आहे." तेव्हापासून तिचं पुस्तक कपाटावर पडून आहे. सत्तरी ओलांडलेली बाई मागच्या बाकावर कशासाठी येऊन बसायची, तुला ठाऊक आहे. तुझी लेक तिच्या आईपाशी, परदेशात. तिला मराठी येत नाही. रविवारी फोनवर तिच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून आई आरशासमोर घोकत उभी राहायची.

मला वाटत होतं, तू गुपचूप चित्रण केलंस. तेवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण काल तुझ्या लेकीचा फोन आला. आई म्हणाली, "झोपलेय म्हणून सांग." मी सांगितलं. मग पोरीनं विचारलं, आजी माझ्यासाठी काहीतरी बोलली आहे ना, बाबा पाठवणार होता, ते कधी येणार?

म्हणजे पोटच्या पोरीच्या नावानं तू आईला कॅमेऱ्यासमोर बसवलंस. किळस येते रे तुझी. लहानपणी तुझा शेंबूड पुसताना कधी आली नाही, ती आता येते.

उद्यापासून मी शिकवायला येणार नाही. पोरीला म्हटलं, बाबालाच विचार. ती फोन करेल. काय सांगायचं ते तू बघ.

आईनं तुला आशीर्वाद कळवायला सांगितले होते, ते कळवले. माझे नाहीत.

ताई