नळ चावतो, हे इंग्रजीत

२ डिसेंबर
नव्या गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. आई म्हणते, नळ चावतो. बाबा वायरमनला बोलवायला निघाले होते, मी अडवलं. बाहेरच्या माणसाने गिझर उघडला की गॅरंटी संपते. तसं कार्डावर इंग्रजीत छापलंय, आणि घरात ते वाचता येणारी मी एकटीच. कंपनीला लेखी तक्रार करायची, तीही इंग्रजीत. ताबडतोब दखल घेतील. आजच पाठवून मोकळी होणार.

३ डिसेंबर
पाठवली नाही. सुरुवात भारदस्त हवी. आधी कंपनीच्या प्रगतीबद्दल अभिनंदन, मग आमच्या घराची थोडी ओळख. आई म्हणाली, अगं, गिझरशी सोयरीक जुळवतेस का? सरळ लिही, नळ चावतो. मी समजावलं, इंग्रजीत असं फाडकन बोलत नाहीत. सध्या ‘थोडी वेगळी संवेदना’ असं लिहिलंय. सभ्य वाटतं.

५ डिसेंबर
बाबा चपला घालून अंघोळ करतात. आईने नळाला कापड गुंडाळलं होतं, मी काढायला लावलं. कंपनीचा माणूस आला की त्याला सगळं जसंच्या तसं दिसायला हवं. दोघांनी मुकाट्याने ऐकलं. घरात माझ्या शब्दाला मान आहे.
संकल्प: शेवटचा परिच्छेद उद्या.

८ डिसेंबर
पाठवली! पाच परिच्छेद. तक्रार चौथ्यात, म्हणजे तोवर वाचणाऱ्याचं मन तयार होतं. बाबांनी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. एक अक्षर कळलं नाही, पण डोळे पुसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, फोन का नाही करत गं? मी नुसती हसले.
बाथरूममधून बारीक गुणगुण येते. गिझर बंद असतानाही.

११ डिसेंबर
बाबा पडले. नळ बंद करायला गेले, हात सुटेना. आईने लाकडी स्टुलाने ढकललं म्हणून वाचले. उजव्या हाताची बोटं बधिर आहेत, शर्टाची बटणं आई लावते. डॉक्टरांनी विचारलं, गिझर काढला ना? म्हटलं, पत्रव्यवहार चालू आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. बहुधा प्रभावित झाले असावेत.
बाबांची कुरकुर नाही. म्हणाले, तू लिहिलंयस ना, मग येतील.
आता कोणी बाथरूमचं दार उघडत नाही. गुणगुण दारातूनही ऐकू येते.

१२ डिसेंबर
उत्तर आलं! इतकं सुंदर पत्र बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं म्हणे. ‘वेगळ्या संवेदने’चा खास उल्लेख आहे. ती आम्हाला लाभली, याचा कंपनीला आनंद वाटतो. सोबत भेट पाठवताहेत. काय ते लिहिलेलं नाही. असो, दखल तर घेतली!

१५ डिसेंबर
भेट आली. तोच गिझर. दुसरा.
बसवायला कंपनीचा माणूस आलाय. जुन्याला हात लावायचा हुकूम नाही म्हणतो. हा स्वयंपाकघरात लावू का, विचारतोय. आई माझ्या कानात म्हणाली, अगं, आता तरी सांग त्याला, आपल्याच भाषेत बोलतोय तो. बाबा बधिर हात मांडीवर घेऊन बसलेत. त्याला म्हणाले, तिला विचारा, शिकलेली आहे ती.
मी म्हटलं, थांबा, लेखीच देते.
अभिनंदनाचा परिच्छेद झाला. स्वयंपाकघरात ड्रिल सुरू झालंय.