मामाच्या ट्रस्टवर तुझी सही

सोने,

मामा कुरकुरतोय, "कॉलर टोचते गं!" वकिलांकडे नेतेय म्हणून इस्त्रीचा शर्ट चढवलाय ना. व्हीलचेअर घेऊन आम्ही निघालो. तू झोप, यायची गरज नाही.

मामाच्या देखभालीसाठी आजोबांनी केलेला ट्रस्ट माझ्यानंतर तू सांभाळायचास, म्हणून आज तुझी सही होती. तू हो म्हणालीस खरी, पण तेव्हापासून तुझा चेहरा उतरलाय आणि मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते. आता दुसरा विश्वस्त सुचवा, असं वकिलांनाच सांगते.

ही अक्कल माझी नव्हे हं. मघाशी बटणं लावताना मामाच म्हणाला, "ताई, पोरीला नकोय हे. ती बोलत नाही, तू विचारत नाहीस. नुसती भाची राहू दे तिला."