मोठा डीपी आणि आमची प्लेट

४ मार्च ९७, मंगळ.
निरवांगी. काल गावचा डीपी, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, जळाला. उसाच्या मोटरा सगळ्यांनी एकदम दाबल्या, दुसरं काय होणार. गाव अंधारात, आमच्या घरी दोन बल्ब. छपरावरची सोलर प्लेट मीच बसवली. पुण्यात दुकानात राहिलो तेवढंच शिकलो. शेजारचे तात्या ओट्यावरून टक लावून बघत होते. बघू दे.

५ मार्च
वडलांनी, आबांनी, इंदापूरला वीज ऑफिसात पिटाळलं. साहेब म्हणाला, होता तेवढाच डीपी फुकट. मोठा पाहिजे तर वरचा खर्च गावानं करायचा. स्टँडवर एक ट्रकवाला भेटला, त्याच्यासंगं टेंभुर्णीपर्यंत जाऊन आलो. उगाच. घरी शिव्या.

७ मार्च, शुक्र.
पारावर बैठक. तात्यांचं ठरलेलंच: मोठ्या डीपीला घरटी सारखी वर्गणी. मी उठलो. म्हणलं, मोटरा तुमच्या, जाळला तुमी. आमाला तुमच्या लायटीची गरज न्हाय, प्लेट हाय.
"व्हय?" तात्या म्हणाले. "आन् आभाळ आलं की? तवा आमच्याच तारंला येशील."
सगळे हसले.
"आबा, गरज न्हाय म्हणतंय पोरगं. तसंच धरू का?" तात्यांनी विचारलं.
आबा घरी आल्यावर बोलले. "दिवा तुझा प्लेटवर. हिरीवरली मोटर प्लेटवर चालती का?"
हे डोक्यातच नव्हतं. विहीर आमची न् तात्यांची सामाईक, मोटर एकच. तीन दिस त्यांचे, तीन आमचे.

१० मार्च
तात्यांचा निरोप: वर्गणी न्हाय तर पाळी न्हाय. आमचा कांदा अजून पोसायचाय. भांडायला गेलो. म्हणलं, विहिरीत अर्धा वाटा आमचा.
"पाणी तुमचंच हाय की. बादलीनं काढा."
थेरडा.
तरी मी म्हणतो, दोन बल्बवाल्यानं चार मोटरावाल्याएवढं का भरायचं? मोटरीमागं घ्या, आमच्या अर्ध्या मोटरीचं देतो. आबा तेच सांगून आले. उत्तर: "ते त्या दिवशी बोलायचं हुतं. तवा तर गरजच नव्हती."

१३ मार्च
बारामती. मोटर चालंल एवढ्या प्लेटा किती लागतील, विचारलं. दुकानदार म्हणाला, "रान इकून प्लेटा घेणार, मग पाणी कशाला देणार?" मग बैलबाजारात हिंडलो. एक खिलार नंबरी होता. शेवटची एसटी चुकता चुकता राहिली.

१६ मार्च, रवि.
मोठा डीपी आला, ट्रॉलीतून, आमच्या वर्गणीबिगर. उतरवायला घरटी एक माणूस जातो, बोलवणं नसतं. मी छपरावर प्लेट पुसत बसलो. आबा गेले. खांदा सोलून आले. तात्यांनी प्यायच्या पाण्याचंसुदिक विचारलं न्हाय म्हणे.
सांजंला लाईट आली. आमच्या घरासकट.

१९ मार्च, बुध.
तात्यांचे तीन दिस झाले. उद्यापासनं पाळी आमची. मोटरीच्या पेटीची किल्ली आदल्या सांजंला ज्यानं त्यानं पुढच्याच्या घरी न्हेऊन द्यायची, आजवर तसंच चाललंय. तात्या ओट्यावर बसलेत, बल्बाखाली. दिसतात हितनं. किल्ली आली न्हाय.
आणायला उठलो.
आबा म्हणले, "बस खाली. त्यानं द्यायची आसती."
पाणी धरायचं खोरं दाराशी टेकवून ठेवलंय त्यांनी. बसलोय दोघं.