संघाला ह्यांचं नाव

भिंगार, अहिल्यानगर
११ नोव्हेंबर २०२५

ती. लंकावन्संना,

रंगूचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांगा.

इकडे बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण अजून जिना चढू देतो. तुमच्याकडे नदीला पाणी चांगलं आहे आणि पेरूलाही बहार आलाय, असं ज्योतीनं फोनवर सांगितलं. तुमची सून गोड बोलते, पण फोन स्पीकरवर ठेवून बोलते. मागे कुकरपासून नातवापर्यंत सगळं घर ऐकत असतं. म्हणून हे पत्र. इतक्या वर्षांनी लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

बातमी अशी की संघ परत येतोय. आपला फुटबॉलचा संघ, हे ज्यात खेळायचे आणि कंपनी बंद पडली तेव्हा मोडला तो. पुण्याचे कोणी पैसेवाले आणि इथले दोनचार जुने खेळाडू मिळून उभा करताहेत. खेळाडूंना पगार, राज्यभर सामने, सगळं पूर्वीसारखं रीतसर. हे असते तर पायात चप्पल न घालता मैदानावर पळाले असते. दर दिवाळीला म्हणायचे, पुढच्या वर्षी संघ उभा राहतोय बघ. मी म्हणायचे, आधी फराळ करून घ्या. कंपनी सुटल्यावर गोदामात नोकरी केली, पण संध्याकाळचं मैदान कधी चुकवलं नाही. पोरापोरींना शिकवायचे, फाटक्या जाळ्या घरी आणून शिवत बसायचे, आणि माझी दाभण हरवायचे. ते जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि संघ आत्ता येतोय. असला राग येतो ना वन्सं, की कुणावर काढावा कळत नाही.

तर संघाला नाव हवंय. जुनं नाव कंपनीचं होतं, ते आता घेता येत नाही. मोबाईलवर लोकांकडून नावं मागवली आहेत. कुणी वाघ सुचवतंय, कुणी वॉरिअर्स, कुणी किल्ल्याचं नाव. आमच्या रविराजनं पुण्याहून काहीतरी युनायटेड पाठवलंय. मी विचारलं, युनायटेड म्हणजे काय रे, तर म्हणाला, आई, असंच असतं.

गेल्या रविवारी बन्सीभाऊजी आले. तुमच्या ओळखीचेच, त्या वेळचे कॅप्टन. पोट सुटलंय, पण चाल तीच. चहा हातात घेतला आणि म्हणाले, "वहिनी, आमी समद्यांनी ठरवलंय. संघाला आपल्या गड्याचंच नाव द्यायचं. संघ येनार म्हनून येवढी वर्सं वाट बघनारा त्यो येकटाच हुता. तुमी फकस्त हो म्हना."

मी हो म्हणाले नाही. घरच्यांना विचारते म्हणाले. घरचे म्हणजे तुम्ही.

आता माझं ऐका. पहिली गोष्ट म्हणजे ते नाव. मामंजींना रामायणाचं काय वेड होतं कोण जाणे. मुलीला लंका, आणि मुलाला कोण, तर रावणाचा धाकटा भाऊ, स्वतःचं घर सोडून रामाला जाऊन मिळालेला. रविराज म्हणतो, आई, आपल्या खेळाडूनं चुकून आपल्याच गोलात बॉल मारला की लोक काय म्हणतील, विचार कर. दुसरी गोष्ट, संघ म्हटला की हरणार. हरला की लोक शिव्या देणार, आणि त्या ह्यांच्या नावानं देणार. चौकातल्या पानटपरीवर मला ते ऐकायचं नाही. आणि तिसरी गोष्ट अशी की पैसेवाल्यांचं मन फिरलं आणि संघ पुन्हा मोडला, तर? एकदा पुसलं गेलेलं माणूस मला पुन्हा पुसलेलं बघायचं नाही.

म्हणून तुम्ही नको म्हणा. ते नाव मामंजींनी निवडलं, पण ठेवलंत तुम्ही. ह्यांच्या आत्याबाई ऊसतोडीला फडावर अडकल्या होत्या, म्हणून तिसगावच्या घरात परकर सावरत तुम्हीच पाळण्यात वाकून कानात कुर्र केलंत, हे सासूबाई दर बारशाला सांगायच्या. पुढेही आईबाप फडावर गेले की ह्यांची आई तुम्हीच. तुमचा शब्द बन्सीभाऊजी मोडणार नाहीत. माझं म्हणाल तर मला कशाचंच काही नाही.

तुम्हाला माझी खोड माहीत आहे. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि शेवटी तुम्हीच बायकांना गप्प केलंत. बँकेत आजही नुसतं 'बि.' लिहून सही करते. सामना असला की तुम्ही पुणतांब्याहून एसटीनं यायचात आणि माझ्या शेजारी बसून भावाच्या नावानं असं ओरडायचात, की पुढचे लोक मागे वळून बघायचे. मी पदर तोंडाला लावून बसायचे. परत येताना लुनावर हे म्हणायचे, "आख्खं मैदान आवाज देतं, येक तूच न्हाई." मी म्हणायचे, "तुमच्या बहिणीनं माझ्या वाटचंबी वरडून घेतलंय." मग घर येईपर्यंत दोघंही हसत असायचो.

असो. बन्सीभाऊजींना तेवढा फोन करा. आणि जमलं तर या. ह्यांच्या वर्षश्राद्धानंतर तुम्ही या घरात पाऊल टाकलेलं नाही. का ते मी विचारत नाही. मलाही या घरात राहवत नाही, पण मला दुसरीकडे कुठे जायचं?

तुमची,
रंगू


भिंगार
१६ नोव्हेंबर, रविवार

ती. लंकावन्संना नमस्कार.

पहिलं पत्र पोहोचलं असेल तर बन्सीभाऊजींना फोन करू नका. केला असेल तर पुन्हा करा, आणि वहिनीचं डोकं फिरलंय म्हणून सांगा. हे पत्र उद्या स्पीड पोस्टानं टाकते.

काल मैदानावर गेले होते. ह्यांच्यामागे एकदाही गेले नव्हते. त्या रस्त्यानं रिक्षा निघाली तरी मी दुसरीकडे बघते. पण बन्सीभाऊजींनी दोनदा निरोप धाडला, की नव्या संघाची निवड चालली आहे, नुसतं बघून तरी जा. गेले, आणि तारेच्या कुंपणाला धरून बाहेरच उभी राहिले.

अलीकडच्या बाजूला मुलींचा सराव चालला होता. एक सडपातळ मुलगी कोपऱ्यात बॉल ठेवत होती. गोलापुढे उभ्या असलेल्या बाकीच्या पोरी तिला ओरडून सांगायला लागल्या. काय, तर ह्यांचं नाव. नुसतं नाव, अहो नाही की सर नाही. "दिपे, … टाक गं, … टाक." गाळलेली जागा तुम्ही भरून वाचा.

मला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी झालं. मुलगी मागे सरकली, डाव्या पायानं मारलं, आणि बॉल बाहेर जातोय जातोय म्हणता हवेतच वळून थेट गोलात शिरला. वन्सं, तो ह्यांचा बॉल होता. तुम्हाला आठवतो, तोच. असा गोल झाला की तुम्ही माझा दंड इतका दाबायचात की दुसऱ्या दिवशी काळानिळा दिसायचा.

मी तिला कुंपणाजवळ बोलावलं. दिपाली नाव, जामखेडकडची. विचारलं, त्या किकला असं का म्हणता? ती म्हणाली, "तसंच म्हनत्यात काकू. कोपऱ्यातनं डाव्या पायानं वळवून थेट गोलात गेला की त्याला तसं म्हनायचं." म्हटलं, पण ते नाव कुणाचं? तिनं खांदे उडवले. "न्हाई माहीत. किकचंच नाव असंल." आणि पळाली.

मी तिथेच उभी राहून आधी हसले आणि मग रडले. किती वेळ, ते सांगत नाही. संघ मोडला तर नाव पुसलं जाईल म्हणून मी घाबरत होते. इकडे संघ नसतानाच ते पोरींच्या तोंडी रुळलंय. पण माणूस कुठेच नाही. त्या नावाचा एक माणूस रोज संध्याकाळी याच मैदानावर यायचा, जाळ्या शिवायचा, संघाची वाट बघायचा, हे त्या पोरीला कुणी सांगितलेलंच नाही. नाव कपड्यांवर छापलं, फाटकावर लिहिलं, म्हणजे कुणीतरी विचारेल, हा कोण? विचारलं की मी सांगेन. मग हरल्यावर दिल्या शिव्या तर देऊ देत. जिवंतपणी खाल्ल्याच की, तीनदा पेनल्टी हुकवली तेव्हा.

आणि पहिल्या पत्रात मी म्हटलं, मला कशाचंच काही नाही. खोटं होतं ते. मला नाव घ्यावंसं वाटतं. स्वयंपाक करताना वाटतं, झोपताना वाटतं. समोर होते तेव्हा 'अहो' म्हटलं की वळून बघायचे, त्यामुळे नावाची गरजच पडली नाही. आता 'अहो' कुणाला म्हणू? आठवण आली तर हाक मारायला माझ्याकडे शब्दच नाही, वन्सं.

काल दिपालीनं परत बॉल ठेवला. पोरी परत ओरडल्या. त्यांच्या गलक्यात मीही ओरडले. कुणाला ऐकू गेलं नाही. बॉल कुंपणावर आदळला आणि मी दचकून मागे सरले.

बन्सीभाऊजींना हो कळवलंय. येत्या रविवारी सकाळी मैदानाच्या मध्ये उभं राहून नाव जाहीर करायचं आहे. ते म्हणतात, पाहुण्याला बोलावू. मी म्हटलं, पाहुणा नको, ह्यांची बहीण येईल. पहिल्यांदा तुम्ही ठेवलंत, तेव्हा याही वेळी तोंडातून पहिल्यांदा तुमच्याच निघालं पाहिजे. कुर्र करायला कान नाही, माईक आहे. तुमच्यामागून मी म्हणेन, आणि मग आख्खं मैदान म्हणेल.

शनिवारीच मुक्कामाला या. तुमच्या आवडीची शेंगांची आमटी करते. या घरात राहवत नसेल तर आपण दोघी रात्रभर गच्चीवर बसू. पण या. मला एकटीला हे नाव झेपायचं नाही.

तुमची वाट बघणारी,
रंगुबाई बिभीषण ढाकणे